रापी

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी ऑनलाइन एक किट मागवलं. 'लेदर क्राफ्ट टूल सेट, 24 नग', किंमत 1,400 रुपये. पार्सल उघडल्यावर रूममेट म्हणाली, "दातांच्या डॉक्टरचं सामान मागवलंस का गं?" दिसायला तसंच होतं. टोकदार, वाकडं, दातेरी, चकचकीत. सोबत सूचनांचा एक कागद होता, त्यात चोवीसपैकी अकराच वस्तूंची नावं.

निमित्त प्राडाचं होतं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये त्या कंपनीच्या मॉडेल्सच्या पायांत अगदी कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठं घेतलेलं नव्हतं. त्यावरून केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, हेही मला तेव्हाच कळलं. कॅन्टीनमध्ये 'आपला वारसा', 'आपले कारागीर' असं पुष्कळ बोलणं झालं. मीही बोलले. मग रात्री कोल्हापुरी कशी बनते याचे व्हिडिओ बघत बसले, तिथून पाकिटांवर गेले, पाकिटांवरून वहीच्या कव्हरांवर, आणि पहाटे दोन वाजता किट ऑर्डर करून मोकळी झाले.

किटमध्ये सगळं होतं, फक्त चामडं नव्हतं. त्यासाठी सायनला उतरून धारावीत गेले. तिथं एका दुकानदाराने मला जे दहा मिनिटांत सांगितलं ते नीट ऐकलं असतं तर माझे तीन महिने वाचले असते. तो म्हणाला, शिकताय ना, मग पूर्ण कातडं घेऊ नका, कतरण घ्या. कतरण किलोवर मिळते. आणि घेताना रंग बघू नका, कड बघा. कापलेल्या कडेत आतून निळसर-करडं दिसलं तर ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं. मऊ, स्वस्त, हवा तो रंग, जॅकेटला आणि पर्सला उत्तम. आतून तपकिरी दिसलं तर ते झाडाच्या सालीत कमावलेलं. ते कडक असतं, पाण्याचा थेंब टाकला की तिथं काळवंडतं, दुमडलं की दुमड धरून ठेवतं, त्यावर नक्षी ठोकली की उठते, आणि त्याची कड घासली की काचेसारखी होते. हाताने शिवायला शिकायचं तर हे दुसरं घ्या.

मी पहिलं घेतलं. लाल रंग फार सुंदर होता.

त्या लाल चामड्याचं मी रूममेटच्या वाढदिवसाला कार्ड ठेवायचं पाकीट केलं. कड अर्धा तास घासली. ती चकाकण्याऐवजी कापसासारखी पिंजली. टाके समुद्राच्या लाटांसारखे आले. तीन कार्डं आत गेली आणि दोनच बाहेर आली. तिचं लायब्ररी कार्ड काढायला शेवटी शिवण उसवावी लागली. पोरगी चांगली, अजून ते पाकीट वापरते, फक्त त्यात रबरबँड ठेवते.

पुढं जे थोडंफार जमलं ते असं. चोवीस नगांपैकी लागतात सहा. एक पातं, एक आरी, ओळीत भोकांच्या खुणा पाडणारी दातेरी छिन्नी, दोन बोथट सुया आणि कड घासायला लाकडाचा गुळगुळीत तुकडा. बाकीचं सामान माणसाला आपण काहीतरी मोठं करतोय असं वाटावं म्हणून असतं. सुया बोथट का, तर भोक आधीच आरीने पाडलेलं असतं. टोकदार सुई आधीच्या दोऱ्यात घुसते आणि दोरा फाटतो. दोरा शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट घ्यायचा. कडेला लावायला परदेशी बाटली मागवायची गरज नाही, किराणा दुकानात उन्हाळ्यात सरबतासाठी जो कतिरा डिंक मिळतो तो रात्रभर पाण्यात भिजवून त्याची खळ लावली तरी काम होतं. आणि पात्याला धार असली पाहिजे. हे सगळेच सांगतात आणि कोणी ऐकत नाही. बोथट पातं जास्त कापतं, फक्त चामड्याऐवजी बोट कापतं.

ख्रिसमसला घरी गेले तेव्हा किट सोबत नेलं. नंदिग्राम एक्स्प्रेस रात्रभर चालते, किनवट मागं पडलं की आदिलाबाद. आमचं घर तेलंगणात असलं तरी पैनगंगेच्या पलीकडचा यवतमाळ आम्हाला हैदराबादपेक्षा जवळचा. शाळा तेलुगू, चर्चमध्ये मिस्सा तेलुगूत, आणि घरात बोलणं मराठी. तेही पुस्तकातलं नाही.

अंगणात ऊन खात बसलेल्या आजीपुढं मी किटची गुंडाळी उघडली. मला वाटलं होतं तिला गंमत वाटेल. तिने एकेक वस्तू उचलून डोळ्यांजवळ नेली.

"ही आरी. पण बारीक हाये, पुस्तकं शिवायची वाटते. हा पोगर. हे मोगरी. हे कायचं?"

"कड गोल करायचं आजी."

"ते तं रापीनंच होते. रापी कुठं हाये?"

मी किटमधलं पेनासारखं पातं दाखवलं. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग आत गेली, आणि लुगड्यांच्या ट्रंकेतून, अगदी तळातून, एक फडकं काढून आणलं. त्यात दोन वस्तू होत्या. रुंद पात्याची, खुरप्याची थोरली बहीण वाटावी अशी लोखंडी रापी, मुठीला सुतळी गुंडाळलेली. आणि एक आरी, तिच्या टोकाला माशाच्या गळासारखी बारीक खाच.

"तुह्या आबाची."

आबा मला आठवतात ते मिशनच्या बागेत पाणी घालणारे. आम्ही मुळात कोण हे मला माहीत नव्हतं असं नाही. आदिलाबादमध्ये ते कोणाला माहीत नसतं असं होत नाही. पण घरात तो विषय नव्हता. जसं काही घरांत एखाद्या पळून गेलेल्या काकांचं नाव घेत नाहीत, तसं. आबांनी तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, केरळहून आलेल्या फादरांच्या हातून. 1962 मध्ये चांदा मिशन सीएमआय फादरांकडं आलं, त्यानंतरच्या वर्षांत. त्याआधी ते गावचे चांभार होते. जोडे, बैलांचे पट्टे, आसूड, आणि विहिरीवरची मोट. मोटेला भोक पडलं की निरोप यायचा आणि जेवत्या ताटावरून उठून जावं लागायचं, कारण पिकाचं पाणी थांबलेलं असायचं. बदल्यात सुगीला बलुतं. किती, ते देणारा ठरवणार.

बाप्तिस्म्यानंतर नाव बदललं, काम बदललं. कागद मात्र मोठा हुशार असतो. 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिश्चन आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत. आमच्याकडं धर्मांतर करून ख्रिश्चन झालेल्या अनुसूचित जातींसाठी बीसी-सी नावाचा वेगळा गट आहे. म्हणजे सवलत कमी झाली, पण ज्याला वाचता येतं त्याला त्या दाखल्यावर सगळं वाचता येतं.

पप्पा संध्याकाळी शाळेतून आले. ते गणित शिकवतात. ओट्यावर पसरलेलं सामान त्यांनी बघितलं, त्यात रापी बघितली, आणि माझ्याशी न बोलता आजीला विचारलं, "हे कोणी काढलं?"

मी म्हटलं, "पप्पा, माझी हॉबी आहे. मुंबईत लोक याच्या वर्कशॉपला पैसे भरून जातात."

"जाऊ दे. त्यांना नंतर कोणी विचारत नाही, तुझा बाप काय करत होता म्हणून."

जेवताना कोणी काही बोललं नाही. रात्री मी रापी परत फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि ट्रंकेत न ठेवता माझ्या बॅगेत ठेवली. ही चोरी झाली का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. फडकं ट्रंकेत हलकं झालंय हे आजीला दुसऱ्याच दिवशी कळलं असणार, पण ती काही बोलली नाही. उलट पप्पा शाळेला गेल्यावर म्हणाली, "आण तुहा दोरा."

मी पॉलिएस्टरचं मेणाचं रीळ दिलं. ते तिने चाखून बघावं तसं दातांत धरून ओढलं आणि बाजूला टाकलं. कापसाच्या जिल्ह्यात राहून प्लास्टिकचा दोरा, असा काहीतरी तिचा चेहरा. मग तिने मला सुताचा दोरा करायला शिकवला. सुताच्या सहा पदरांचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, दुसरं टोक मांडीवर तळव्याने वळायचं, वळताना पीळ सुटू द्यायचा नाही. टोकाकडचे पदर एकाच जागी कापायचे नाहीत, एकेक थोडा थोडा आखूड करायचा, म्हणजे टोक उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं होतं आणि भोकात सहज जातं. मग मेण, त्यात चिमूटभर राळ. मेणाने दोरा सरकतो आणि राळेने भोकात गेल्यावर धरून बसतो. दोन्ही पाहिजेत. मेण जास्त झालं तर टाका ढिला होतो, राळ जास्त झाली तर दोरा ओढताना हात सोलतात. आजीच्या मांडीवर अजून त्या जागी कातडी गुळगुळीत आहे, केस नाहीत. तिने लुगडं वर करून दाखवली, आणि लगेच झाकली.

आबा कापायचे आणि शिवायचे, दोरा आजीचा. मोट आबांनी शिवली असंच सगळे म्हणत असणार. बलुत्यातही दोऱ्याचं वेगळं काही नव्हतं.

आता टाक्याबद्दल. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा, मी रागावणार नाही.

मी शिकले होते तो खोगीर शिवणाऱ्यांचा टाका. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. म्हणजे प्रत्येक भोकात दोरा दोनदा. एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो, म्हणून घोड्याच्या सामानाला तो वापरायचे. युक्ती एकच: दरवेळी तीच सुई आधी, आणि दुसरी सुई आधीच्या दोऱ्याच्या त्याच बाजूने. एकदा वरून, एकदा खालून झालं की टाके वाकडे. माझ्या लाटा त्यामुळेच होत्या. आजीने दाखवला तो टाका वेगळा. खाचेची आरी वरून घुसवायची, खालचा हात दोरा त्या खाचेत अडकवतो, आरी वर ओढली की दोऱ्याचा फास वर येतो, त्या फासातून वरच्या दोऱ्याचं टोक काढायचं आणि दोन्हीकडून आवळायचं. सुई नाहीच. भोक आणि टाका एका झटक्यात. दोन्ही धागे भोकाच्या मधोमध एकमेकांत अडकतात, म्हणजे हा शिलाई मशीनच्या टाक्याचा मोठा भाऊ. कागदावर बघितलं तर खोगिराचा टाका भारी. पण मेण-राळेचा दोरा असेल तर एक टाका तुटल्याने शेजारचा लगेच सुटत नाही, आणि माझे चार टाके होईपर्यंत आजीचे वीस होतात. दिवसाला जोडा पुरा करायचा असेल तेव्हा हे वीस महत्त्वाचे.

तिच्या हाताला आता कंप आहे, पण आरी हातात घेतली की तो थांबतो. मी दोनदा मुद्दाम बघितलं.

रापीला मात्र धार नव्हती, आणि ती लावणं आम्हा दोघींच्या हातचं नव्हतं. म्हणून मी आदिलाबादला बसस्टँडजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडं गेले. छत्री, सपाट दगड, तीन पायांची ऐरण, सोल्युशनचा डबा. ते तेलुगू, मराठी, उर्दू असं मिसळून बोलतात, तसं आमच्याकडं सगळेच बोलतात. मी म्हटलं, "काका, याला धार लावून द्याल का? मी हॉबी म्हणून शिकतेय."

त्यांनी हॉबी शब्दाकडं लक्ष दिलं नाही. विचारलं, "तुम्ही कोणाच्या?"

"आम्ही ख्रिश्चन." गळ्यातला क्रॉस दिसतच होता.

"ते झालं. त्याच्या आधी?"

आणि मी म्हटलं, "माहीत नाही काका."

कॉलेजमध्ये मी दलित साहित्यावर पेपर वाचलाय. त्यात नाकारलेली ओळख वगैरे शब्द होते. बक्षीसही मिळालं होतं. आणि इथं बसस्टँडवर एका माणसाने साधा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडून असं उत्तर आलं, तेही इतकं झटकन, की विचार करायला वेळ मिळाला नाही असंही म्हणता येत नाही. ते आत तयारच होतं.

काकांनी रापी हातात घेतली. मुठीवरची सुतळी बघितली, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला, उलटी केली. म्हणाले, "ही दुकानातली नाही. लोहाराकडून घडवून घेतलेली आहे. ही ज्याची आहे तो डावखुरा होता."

आबा डावखुरे होते. धार एका बाजूने झिजली होती, ते मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

ते पाऊण तास धार लावत बसले. आधी दगडावर पाणी टाकून, मग वीट घासून केलेल्या पुडीवर, शेवटी जुन्या पट्ट्याच्या तुकड्यावर उलटं घासून. पट्ट्यावर घासताना पातं नेहमी धारेच्या उलट दिशेला ओढायचं, नाहीतर पट्टा कापला जातो आणि धारही जाते, हे त्यांनी दोनदा बजावलं. मग माझ्या हातातल्या चामड्याच्या तुकड्याची कड तासून दाखवली. पातं जवळजवळ आडवं धरून, ढकलत. कांद्याच्या सालीसारखी चकती निघाली. पैसे विचारले तर म्हणाले, "धारेचे पैसे आपल्या माणसाकडून घेत नाही."

मी काही बोलले नाही. थँक्यू म्हणाले. थँक्यू!

घरी येऊन आजीला धार लावली एवढंच सांगितलं, बाकीचं नाही. त्या रात्री तिला बायबल वाचून दाखवायचं होतं. तिला वाचता येत नाही, मी घरी असले की रोज एक अध्याय. योगायोगाने प्रेषितांची कृत्ये चालू होतं, आणि नवव्या अध्यायाच्या शेवटी पेत्र यापो गावी शिमोन नावाच्या माणसाच्या घरी राहतो. आमच्या घरच्या मराठी बायबलात त्या शिमोनाला चांभार म्हटलंय. मी हे वाक्य कितीदा ऐकलं असेल. तेलुगूत ऐकलंय, इंग्रजीत वाचलंय. त्या दिवशी मात्र मी थांबले.

आजी म्हणाली, "कोणाच्या घरी?"

"चांभाराच्या."

"पेत्र? आपला पहिला पोप?"

"हो."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बसायले काय टाकलं असंल त्यायनं?"

नंतर मी शोधलं. मूळ ग्रीक शब्द कातडं कमावणाऱ्यासाठीचा आहे. आपल्याकडं ते काम ढोरांचं, चांभार कापणार आणि शिवणार. म्हणजे भाषांतर करणाऱ्याने एक जात इकडची तिकडं केली. पण बाकी सगळं जुळतं. मेलेल्या जनावराला रोज हात लागतो म्हणून ज्यू लोकांत कातडं कमावणारा अशुद्ध मानला जायचा. शिमोनाचं घर समुद्राकाठी आहे, वस्तीला वास जाऊ नये आणि पाणी जवळ असावं म्हणून असणार. आमच्या गावातही ती घरं नाल्याच्या काठी होती. आणि पुढच्याच अध्यायात त्याच घराच्या गच्चीवर पेत्राला दर्शन होतं, की देवाने जे शुद्ध केलंय त्याला तू अशुद्ध म्हणू नकोस. या दर्शनावर मी अनेक उपदेश ऐकलेत. ती गच्ची कोणाची होती, हे त्यात कधी आलं नाही.

आजीला मात्र देवदर्शनापेक्षा वास आठवत होता. आबांचे वडील कमावलेलं कातडं विकत आणायचे, पण तिच्या माहेरी गावातच कमवायचे. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात, केस सुटेपर्यंत. मग ते पिशवीसारखं शिवून तिकाटण्याला टांगायचं आणि आत सालीचं पाणी भरायचं. पाणी खाली ठिबकतं, ते धरून परत वर ओतायचं, असं कित्येक दिवस. साल बाभळीची आणि तरवडाची, सोबत हिरड्याची पूड. तरवड म्हणजे तेलुगूत तंगेडु. तेलंगणाचं राज्यपुष्प. बतुकम्माला आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया ती पिवळी फुलं रचतात, मीही लहानपणी रानातून वेचून आणून दिलीत. फुलं देवीला आणि साल कातड्याला, हे एकाच झाडाचं आहे हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेला विचारलं तर ते टॅनिनचं रसायन सांगतील: सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजनच्या तंतूंना बांधतं, म्हणून ते कुजत नाही. आजी म्हणते, साल कातड्याले मरू देत नाही.

जानेवारीत मुंबईला परतल्यावर लायब्ररीत गांधीजींचं वाचलं. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर ते चपला शिवायला शिकले, हे मला माहीत होतं. पण ती विद्या तिथवर कुठून आली हे नवीन होतं. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख मारियानहिलच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन, म्हणजे आपल्याच कॅथलिक संन्याशांकडून, शिकून आले आणि त्यांनी गांधीजींना शिकवलं. तुरुंगात केलेला एक जोड गांधीजींनी जनरल स्मट्सना भेट दिला आणि स्मट्सनी तो 1939 मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, परत पाठवला. गोष्ट खरोखर सुंदर आहे. नंतर वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, ते तर आमच्यापासून फार लांबही नाही. यांतल्या कोणाची मला चेष्टा करायची नाही. पण वाचताना पप्पांचं वाक्य मध्ये मध्ये येत राहिलं. गांधीजींना, कॅलनबाखना, त्या संन्याशांना, आणि धारावीहून कतरण आणणाऱ्या माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणींना (आता आम्ही चौघी आहोत) हे काम हातातून खाली ठेवता येतं. खाली ठेवलं की ते सुटतं. आबांनी खाली ठेवलं, नाव बदललं, मिशनच्या बागेत पाणी घातलं, तरी बसस्टँडवर त्यांच्या नातीला खोटं बोलावं लागलं. बोलावं लागलं असं म्हणणंही बरोबर नाही. मी बोलले.

मला हे काम आवडतं. तेही सांगायलाच पाहिजे, कारण वरचं वाचून वाटेल की मी काही प्रायश्चित्त म्हणून करते. तसं नाही. तपकिरी कड डिंक लावून घासताना एका क्षणी लाकडाचा आवाज बदलतो, खरखर थांबते आणि बोटाखाली गार, गुळगुळीत लागतं. त्यासाठी मी रात्रीचं जेवण चुकवलंय.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा पप्पांसाठी किल्ल्यांची पिशवी नेली. सालीत कमावलेलं चामडं, दोन मिलिमीटर. कापली आबांच्या रापीने, उजव्या हातासाठी धार न बदलता, त्यामुळे मला जरा तिरकं बसावं लागतं. दोरा आजीचा, मी वळलेला. टाके खोगिराचे, एका इंचात सात, एकही वर-खाली नाही. काकांकडंही गेले होते. छत्रीच्या जागी मोबाइल कव्हरवाला बसला होता. म्हणाला ते उन्हाळ्यात मुलाकडं जातात, पाऊस पडला की येतील.

पप्पांनी पिशवी हातात घेतली. उलटी करून मागचे टाके बघितले. कोणीही पुढचे बघतं. मागचे बघणारा माणूस वेगळा. मग शेवटच्या टाक्यावर नख ठेवून म्हणाले, "इथं दोन टाके मागं घ्यायचे असतात. नाहीतर सुटतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दोरा धरायचो मी," ते म्हणाले आणि पेपर उघडला.

किल्ल्या अजून जुन्याच रिंगमध्ये आहेत. पिशवी टेबलाच्या खणात, पासबुकांच्या शेजारी. शेवटचे दोन टाके मी त्याच रात्री मागं घेतले. आरीची खाच मात्र त्यात तुटली, आणि तशी आरी कोण घडवून देतं ते काकांना विचारायचंय. जूनच्या शेवटी मी परत जाणार आहे. पाऊस तोवर आलेला असेल.